मूकपटांतील तलवारबहाद्दर : मास्टर विठ्ठल

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात मास्टर विठ्ठल यांचे नाव बहुधा एका ओळीपुरते येते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला व त्याचे नायक मास्टर विठ्ठल होते, एवढीच ती ओळ. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही ती सापडते. परंतु ज्या नटाचे नाव पहिल्या बोलपटाशी कायमचे जोडले गेले, त्याची कीर्ती मुळी बोलण्यात नव्हतीच. ती तलवारीच्या हातांत, उड्यांत आणि झुंजींत होती. शब्दांवाचून ती मिळाली आणि शब्द येताच ओसरली. त्यांना अमर करणारा चित्रपटच त्यांच्या नायकपदाच्या उतरणीचा आरंभ ठरला, हे त्या एका ओळीत कोठेच दिसत नाही.

हैदराबादेतील मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात कोल्हापूर-मुंबईच्या नटाची ही हकीकत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर भाषेच्या प्रश्नात आहे. एखादी भाषा येण्या-न येण्यावरून माणसाचे पारडे कसे वरखाली होते, हे निजामी राजवटीतील मराठी माणसास कोणी शिकवावयास नको होते. दरबारची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दू. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी विवेकवर्धिनी उभी केली ती या पार्श्वभूमीवर, आणि येथील मराठी ग्रंथालयांची मुळेही त्याच मातीत आहेत. मास्टर विठ्ठल यांच्यावर जो प्रसंग आला, तो आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांवर कचेरीच्या पायरीवर आलेला होता. शिवाय या कथेच्या उत्तरार्धात आपल्याच संस्थानातील एक तरुण येतो, व त्याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे विठ्ठल यांचे भाग्य व दुर्भाग्य दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

विठ्ठल यांची सुरुवात रंगभूमीवर झाली. राजापूरकर नाटक मंडळीत ते बालनट म्हणून उभे राहिले. नावामागचे ‘मास्टर’ हे उपपदही त्याच परंपरेतले. संगीत नाटकांच्या काळी पोरवयाच्या नटास ते लावीत, आणि मग तो नट प्रौढ झाला तरी जाहिरातींतून ते सुटत नसे. मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव ही नावे आपल्या परिचयाची आहेत. नाटक कंपनीतून विठ्ठल कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. स्वतःच्या हाताने कॅमेरा घडविणाऱ्या पेंटरांची ही संस्था म्हणजे मराठी चित्रसृष्टीची तालीमच होती. पुढे ‘प्रभात’ स्थापन करणारी मंडळीही तेथेच तयार झाली. विठ्ठल यांच्याकडे तेथे काम आले ते फिल्म कापण्या-जोडण्याचे, म्हणजे संकलनाचे. पडद्यावर त्यांचे प्रथम दर्शन झाले ते ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटात, आणि तेही नर्तकीच्या वेषात! पुढे तलवारबहाद्दर म्हणून गाजलेल्या नटाने पहिले पाऊल टाकले ते घुंगरू बांधून, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते. परंतु बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात, नाटक मंडळीत वाढलेल्या मुलाच्या बाबतीत तिच्यात नवल काहीच नव्हते. उलट नृत्याने अंगात जो तोल व जी लय येते, ती पुढे त्यांच्या कामी आली असली पाहिजे. संकलनाच्या कामाविषयीही माझे असेच मत आहे. एक उडी पडद्यावर किती वेळ टिकते, ती कोठे तोडली असता अंगावर काटा येतो व कोठे तोडली असता हसू येते, हे ज्याने हातात कात्री घेऊन पाहिले आहे, त्याला कॅमेऱ्यापुढे उभे राहताना निराळीच जाण असते.

येथे थोडे परदेशी वळावे लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत ‘वेस्टर्न’ नावाच्या चित्रपटांना बहर आला होता. उजाड माळ, घोडा, पिस्तूल, लुटारूंची टोळी आणि एकटा नायक, असा त्यांचा सरंजाम. रंगभूमीवरून आलेला विल्यम एस. हार्ट हा त्यांतला गंभीर नायक. टॉम मिक्स हा नखरेल, आणि त्याचा टोनी नावाचा घोडा त्याच्याइतकाच लोकप्रिय. डग्लस फेअरबँक्स याने हीच चपळाई तलवारीकडे वळविली. १९२० साली त्याचा ‘द मार्क ऑफ झोरो’ व १९२४ साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ आला. हे चित्रपट हिंदुस्थानात धो धो चालत. सरकारने १९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीपुढे ‘थीफ ऑफ बगदाद’च्या लोकप्रियतेचा उल्लेख वारंवार झाला. साहेबी सामाजिक चित्रपटांकडे पाठ फिरविणारा चार आण्यांचा प्रेक्षक मारामारीच्या परदेशी मालिकांना मात्र हटकून येई.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. त्या चित्रपटांना भाषा नव्हती. मधूनमधून झळकणाऱ्या अक्षरपाट्या आपल्याकडे दोन-तीन लिप्यांत लिहिलेल्या असत व थिएटरात बसलेला एखादा साक्षर त्या मोठ्याने वाचून दाखवी. पण त्या न वाचताही खलनायक कोण व नायक कोण हे घोड्यावरच्या मांडीवरून कळत असे. हिंदी निर्मात्यांनी हे ओळखले. मात्र त्यांनी काऊबॉयची टोपी उचलली नाही. टेक्सासच्या माळाऐवजी त्यांनी राजपुतान्याचे किल्ले घेतले, पिस्तुलाऐवजी तलवार घेतली, आणि गावचा शेरीफ जाऊन त्याच्या जागी परागंदा राजपुत्र आला. आपल्याकडे वेस्टर्न चित्रपटाची जागा भरून काढली ती या मारधाडीच्या चित्रपटांनी.

१९२५ साली भोगीलाल दवे व नानुभाई देसाई यांनी मुंबईत शारदा फिल्म कंपनी काढली आणि विठ्ठल तेथे गेले. ‘रतन मंजरी’ (१९२६) या चित्रपटात ते प्रथम नायक झाले. त्यानंतरची चार-पाच वर्षे त्यांची होती. शारदेच्या मारधाडपटांतून ते व नायिका झेबुन्निसा ही जोडी गाजली. मूकपटांच्या काळात सर्वाधिक पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होऊ लागली आणि ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ हे बिरुद त्यांना मिळाले. अशा बिरुदात थोडा कमीपणा असतो, हे खरे. आपल्या माणसाचे मोठेपण मोजावयास परक्याची फूटपट्टी घ्यावी लागते. पण त्या काळी ते कौतुकानेच म्हटले जाई व तसेच ते घ्यावे.

मूकपटाची यंत्ररचना या नटांना किती अनुकूल होती, हे आजच्या वाचकास सांगितले पाहिजे. कॅमेरा हाताने फिरवावयाचा असे. छायालेखकाने दांडा किंचित सावकाश फिरविला की तीच झुंज पडद्यावर अधिक वेगाने दिसे. चित्रण बहुधा सूर्यप्रकाशात, मोकळ्या जागी होई. दिग्दर्शक कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ‘आता वळा, आता उडी घ्या’ असे ओरडून सांगू शके, कारण त्याचा आवाज कोठेच उमटत नसे. नटाला हवे तेवढे मैदान मोकळे होते. कुस्ती, मल्लखांब आणि दांडपट्टा यांच्या कोल्हापुरातून आलेल्या कलावंतास याहून अनुकूल माध्यम मिळणे शक्य नव्हते.

याच दशकात हैदराबादेतही चित्रपटाची एक धामधूम होऊन गेली, तिचा उल्लेख टाळता येत नाही. धीरेन गांगुली हे बंगाली चित्रकार येथे कलाशिक्षक होते. कलकत्त्यास जाऊन त्यांनी ‘बिलेत फेरत’ (१९२१) हा विनोदी चित्रपट काढला व १९२२ साली येथे परतून लोटस फिल्म कंपनी स्थापन केली. दोन वर्षांत तिने अनेक मूकपट तयार केले. पुढे गांगुलींनी आपल्या चित्रगृहात ‘रझिया बेगम’ हा मुंबईचा चित्रपट दाखविला. मुसलमान राणी व तिचा हिंदू प्रजाजन यांच्या प्रेमाची ती कथा निजामास रुचली नाही आणि १९२४ साली गांगुलींना राज्य सोडून जाण्याचा हुकूम झाला. लोटस कंपनी तेथेच संपली. गांगुली कलकत्त्यास परतले व १९७५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. मुका चित्रपटही केव्हा केव्हा फार मोठ्याने बोलतो, याचे हे आपल्या शहरातले उदाहरण.

आता ‘आलम आरा’. इंपीरियल कंपनीच्या आर्देशिर इराणी यांनी जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावरून बोलपट काढण्याचे ठरविले. नायिका झुबेदा. नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान या होतकरू तरुणाचा विचार चालला होता. हेच पुढचे ‘मदर इंडिया’चे मेहबूब. पण नव्या धंद्यात घातलेला पैसा वसूल व्हावा म्हणून नावाजलेला नट पाहिजे होता, आणि विठ्ठल यांच्याएवढे नाव क्वचितच कोणाचे होते. विठ्ठल शारदा सोडून निघाले. शारदेने करारभंगाचा दावा लावला. त्यात विठ्ठल यांचे वकीलपत्र घेतले बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी, व निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. मराठी नाटक मंडळीतला मुलगा, पारशी निर्माता व जिनांसारखा बॅरिस्टर हे एका खटल्यात एकत्र यावेत, हे त्या मुंबईतच घडू शकत होते.

नट जिंकून आणला, पण त्याची जीभ कोठून आणावी? ‘आलम आरा’ची भाषा होती पारशी रंगभूमीची उर्दूमिश्रित हिंदुस्थानी. विठ्ठल यांची भाषा मराठी. उर्दूचे उच्चार त्यांच्या तोंडी बसेनात. तेव्हा तोड अशी काढण्यात आली की, राजपुत्र कमर हे नायकाचे पात्र चित्रपटात बराच वेळ भारल्यासारखे, अर्धवट शुद्धीत वावरते असे दाखवावे, म्हणजे त्याला बोलावे लागणार नाही. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुकाच राहिला. या गोष्टीवर लोक आजही हसतात. मला तीत हसण्यासारखे फारसे दिसत नाही. ज्याच्या नावावर तिकिटे खपावयाची, त्यालाच गुंगीत ठेवून बाकीच्यांनी गावे-बोलावे, ही त्या कलावंताची केवढी मानखंडना!

आणि एकट्या जिभेचाच प्रश्न नव्हता. बोलपटाने त्यांचे पायही बांधले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र त्या काळी फारसे दूरचे टिपत नसे. मायक्रोफोन आडोशाला दडवावा लागे आणि नटाने त्याच्या टप्प्यात उभे राहून बोलावे लागे. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्याने ‘आलम आरा’चे बरेचसे चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करण्यात आले. कॅमेऱ्याचा वेग आता यंत्राने ठरलेला; दांडा सावकाश फिरवून चपळाई वाढविण्याची सोय उरली नाही. उन्हात, मैदानावर, आरडाओरडीत वाढलेला नट बंद खोलीत, अपरात्री, हालचाल आवरून उभा राहिला. पार्श्वगायनाची युक्ती अद्याप निघाली नव्हती. ज्याला गाता येई त्याचे भाग्य. टॉम मिक्सचीही गत फारशी निराळी झाली नाही. मूकपट संपताच तो सर्कशीत गेला, परत येऊन थोडे बोलपट केले, १९३५ साली शेवटची मालिका केली आणि १९४० साली मोटार अपघातात मरण पावला. पण मिक्सला निदान परकी भाषा बोलावी लागली नव्हती.

येथेच तो हैदराबादी तरुण पुढे येतो. पैडी जयराज यांचा जन्म २८ सप्टेंबर १९०९ रोजी निजामाच्या राज्यातील करीमनगरचा. घरची भाषा तेलुगू. शिक्षण निजाम कॉलेजात, म्हणजे आबिड्सपासून पायी जाण्याच्या अंतरावर. हे कॉलेज त्या काळी मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते व तेथील माध्यम इंग्रजी होते. तेव्हा जयराज यांना उर्दू दिली ती कॉलेजने नव्हे, शहराने दिली असे म्हणावे लागते. आर्मेनियन वंशाच्या आल्बर्ट आबिड याच्या दुकानावरून ज्या भागाला नाव पडले, त्या आबिड्सच्या रस्त्यावर तेलुगू, मराठी, कानडी घरांतील मुले परस्परांशी उर्दूतच बोलत. ती भाषा त्यांच्यावर लादलेली होती, हे खरे. आणि ती त्यांची झाली होती, हेही खरे.

१९२९ साली जयराज मुंबईस गेले व त्याच वर्षी ‘जगमगती जवानी’ या मूकपटात दिसले. उंच, बांधेसूद देह आणि अंगी धाडस. त्यांनाही काम मिळाले ते साहसपटांतच. दहा-अकरा मूकपट त्यांनी केले. म्हणजे विठ्ठल यांची कीर्ती शिखरावर असताना जयराज त्याच वाटेवर मागून चालत होते. मग बोलपट आला आणि वाट दुभंगली. ‘शिकारी’ हा जयराज यांचा पहिला बोलपट. पुढे बॉम्बे टॉकीजच्या ‘भाभी’ (१९३८) व ‘हमारी बात’ (१९४३) यांचे ते नायक झाले. ‘हमारी बात’मध्ये त्यांच्यासमोर देविकाराणी होत्या. १९४५ साली ‘प्रतिमा’ चे त्यांनी दिग्दर्शन केले. त्यानंतर ‘अमरसिंह राठोड’, ‘टिपू सुलतान’, ‘चंद्रशेखर आझाद’ अशा भूमिकांची रांगच लागली. चपळाईत ते विठ्ठल यांच्या वर होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी उर्दू होती, आणि विठ्ठल यांच्यापाशी नव्हती.

विठ्ठल यांच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते स्वस्थ बसले नाहीत. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला व मराठी बोलपटाचे युग सुरू झाले. हिंदीत बंद झालेले दार मराठीत उघडले. दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी १९३३ साली विठ्ठल यांनी ‘औट घटकेचा राजा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. ‘आवारा शहजादा’ ही त्याचीच हिंदी आवृत्ती. त्यात शाहू मोडक यांनी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटातील ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. एकच माणूस पडद्यावर दोनदा उभा करावयाचा तर चित्रण व जोडणी दोन्हींचे पक्के गणित लागते. कोल्हापुरात कात्री धरलेला हात येथे पुन्हा उपयोगी पडला, असे मला वाटते. विठ्ठल यांच्या चरित्रात त्यांच्या उड्यांना जेवढी जागा मिळते तेवढी या कामगिरीला मिळत नाही, हा अन्याय आहे.

पुढे ते मुख्यतः मराठीतच राहिले. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ (१९३९) सारख्या ऐतिहासिक चित्रपटांत त्यांच्या तलवारीला काम मिळाले. नंतर भूमिका लहान होत गेल्या. नायक सरदार झाला, सरदाराचा वृद्ध सेवक झाला. १९६९ साली त्यांचे निधन झाले. आर्देशिर इराणीही त्याच वर्षी गेले.

आज हे सारे कोठे पाहावयाचे, असा प्रश्न येतो. आणि त्याचे उत्तर दुःखद आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले असे मानतात. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावे एवढेच आज पूर्णावस्थेत पाहता येतात. नायट्रेटची फिल्म लवकर पेटे. जी पेटली नाही, ती चांदी काढून घेण्यासाठी भंगारात गेली. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे फार उशिरा. तेथील पहिले संग्राहक पी. के. नायर यांनी जन्मभर शोध केला, तरी ‘आलम आरा’ची प्रत त्यांना मिळाली नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील भांडाराला आग लागून जुनी नायट्रेट रिळे मोठ्या संख्येने भस्मसात झाली. पुण्याच्या आगरवाल कंपनीचा, जी. पी. पवार दिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा मारधाडीचा मूकपट सुदैवाने वाचला आहे. त्यात विठ्ठल नाहीत. हमीर हे त्याचे नायक, आणि ज्यांना आपण खाष्ट सासू म्हणून ओळखतो त्या ललिता पवार त्याच्या तरुण नायिका. तटबंदी, मुखवटा, दोरावरून घेतलेले झोके व तलवारींचा खणखणाट, जो ऐकू येत नाही पण भासतो. विठ्ठल यांचे चित्रपट साधारण कसे असतील याचा अदमास त्यावरून करावा.

बाकी उरते ते कागदावर. जुन्या नियतकालिकांतील जाहिराती, थिएटरात वाटल्या जाणाऱ्या चोपड्या, थोडी छायाचित्रे. ‘आलम आरा’सुद्धा आज आपल्याला ठाऊक आहे तो अशाच कागदांवरून. ग्रंथालयांच्या माळ्यावरील बांधीव अंकांत चित्रपटांची पाने पुष्कळदा ‘किरकोळ मजकूर’ म्हणून दुर्लक्षित राहिली. ज्यांनी ती फाडून टाकली नाहीत त्या ग्रंथपालांचे ऋण चित्रपटाच्या इतिहासकारांवर आहे. आबिड्सचीही तीच कथा. झमरूद महाल, पॅलेस, सागर ही चित्रगृहे एका पिढीच्या तोंडी होती. आज त्यांपैकी एकही चालू नाही.

जयराज मात्र दीर्घायुषी ठरले. १९८० चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला आणि ११ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७५ साली आलेल्या ‘शोले’ने वेस्टर्नचा सारा सरंजाम, म्हणजे माळरान, घोडे, आगगाडीवरचा दरोडा आणि डाकूंची टोळी, हिंदी पडद्यावर पुन्हा आणला. त्यात पोलीस कमिशनरच्या एका छोट्या भूमिकेत जयराज दिसतात. तेव्हा त्यांचे वय पासष्टच्या पुढे होते, आणि घोड्यांवर दुसरे लोक होते.